फक्त कोर्टाचंच काम करणारी छोटी लॉ फर्म नेमकं काय करते?

मुंबई हायकोर्टाच्या आजूबाजूला, फोर्टमधल्या जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर काही छोट्या लॉ फर्म आहेत. दोन-तीन भागीदार, पाच-सात ज्युनियर, एखादा मुरलेला क्लार्क आणि भिंतभर फायली. कंपन्यांची विलीनीकरणं, कर्जाचे दस्तऐवज, जमिनीचे टायटल सर्च यांतलं काहीच इथे होत नाही. भांडण कोर्टात किंवा लवादापुढे (करारातल्या पक्षांनी कोर्टाऐवजी निवाड्यासाठी नेमलेल्या पंचापुढे) गेलेलं असेल, किंवा जायच्या बेतात असेल, तरच लोक इथे येतात. अशांना बुटीक लिटिगेशन फर्म म्हणतात. त्या करतात काय, हे बाहेरच्याला सहसा कळत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. वेबसाइटवरसुद्धा नाव-पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी मोजकीच माहिती टाकता येते. त्यामुळे नाव पसरतं ते एका अशिलाकडून दुसऱ्याकडे, आणि गंमत म्हणजे बरेचदा मोठ्या फर्मकडूनच.

मोठ्या फर्मकडून काम येण्याचं कारण हितसंबंधांच्या टकरावात आहे. शेकडो वकिलांच्या फर्मकडे बँका, विमा कंपन्या, बांधकाम समूह असे कायमचे अशील असतात. उद्या त्यातल्याच एखाद्या बँकेविरुद्ध दावा लावायचा असेल, तर ती फर्म तुमचं काम घेऊ शकत नाही, आणि पुष्कळदा तिला ते घ्यायचंही नसतं. मग ती तुम्हाला ओळखीच्या छोट्या फर्मचं नाव देते. छोट्या फर्मचे हात अशा बांधिलकीत अडकलेले नसतात. बलाढ्य पक्षाविरुद्ध उभं राहण्याची मोकळीक ही तिची पहिली जमेची बाजू. तिची चर्चा फार होत नाही, पण अडचणीत सापडलेल्या माणसाला तीच आधी लागते.

मुंबईत अशा फर्म रुजल्या त्यालाही इतिहास आहे. १८६२ मध्ये सुरू झालेल्या या हायकोर्टाची 'ओरिजिनल साइड' म्हणजे मूळ शाखा आहे. तिथे मोठ्या रकमेचा दावा खालच्या कोर्टात न जाता थेट हायकोर्टात दाखल होतो. या शाखेत पूर्वी कामाची सक्तीची वाटणी होती. सॉलिसिटर अशिलाला भेटणार, कागद गोळा करणार, केस बांधणार. आणि कोर्टात उभा राहणार तो कौन्सेल. कायद्यातली ही सक्ती १९७६ च्या दुरुस्तीने गेली, पण सवय गेली नाही. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा आजही तरुण वकील देतात. केस तयार करणं हे स्वतंत्र कसब आहे, ही समजूत मुंबईच्या वकिलीत त्या वाटणीतून मुरली. आजची छोटी लिटिगेशन फर्म तीच परंपरा चालवते, फरक इतकाच की लहान-मध्यम प्रकरणांत तिचेच वकील स्वतः उभेही राहतात.

कोर्ट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जोरदार भाषण येतं. पण बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, भरलेला असताना एखाद्या अर्जाला पहिल्या दिवशी दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. त्या दहा मिनिटांत न्यायाधीशांनी विचारलेल्या प्रश्नाला पान नंबरासकट उत्तर देता येणं, माझ्या मते, अशा फर्मची खरी ताकद आहे. ती येते कुठून, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू.

समजा मुलुंडमधली चाळीस घरांची एक सोसायटी आहे. पुनर्विकासाचा करार झाला, रहिवासी घरं रिकामी करून भाड्याने राहायला गेले, जुनी इमारत पाडली. पायाचं काम झालं आणि बिल्डर थांबला. आधी भाड्याचे चेक उशिरा येऊ लागले, मग येईनासे झाले. कमिटीचे चेअरमन आणि सेक्रेटरी दोन पिशव्या भरून कागद घेऊन फर्ममध्ये येतात. "साहेब, फसवणूक झालीय, केस टाका."

चांगली फर्म इथे लगेच 'टाकूया' म्हणत नाही. आधी दोन्ही पिशव्या रिकाम्या होतात. विकास करार, कुलमुखत्यारपत्र, सर्वसाधारण सभांचे ठराव, महापालिकेच्या परवानग्या, बँक गॅरंटी, ईमेल, व्हॉट्सॲप. एक ज्युनियर ते सगळं तारखेप्रमाणे लावतो आणि तारखांची यादी करतो: कोणत्या दिवशी काय झालं आणि त्याचा कागद कुठे आहे. कंटाळवाणं काम आहे, पण केसमधली भोकं इथेच दिसतात. उदाहरणार्थ, बिल्डरने मुदतवाढ मागितली होती आणि सेक्रेटरींनी व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून ती दिली होती. कमिटी हे सांगायला विसरलेली असते, किंवा सांगायचं टाळत असते.

हा अंगठा लपवायचा की सांगायचा? अनुभवी वकील पहिल्याच अर्जात तो स्वतःहून सांगतो. एस. पी. चेंगलवराय नायडू या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगून ठेवलंय की महत्त्वाचा कागद दडवून मिळवलेला हुकूमनामा म्हणजे न्यायालयाचीच फसवणूक, तो शून्यवत. त्या प्रकरणात वादीने स्वतः लिहून दिलेलं हक्कसोडपत्र कोर्टापुढे ठेवलंच नव्हतं. एकतर्फी मनाई हुकूम मागताना तर ही गोष्ट जास्तच जपावी लागते. समोरचा हजर नसताना त्याची बाजूही तुम्हीच सांगायची असते. लपवलेला कागद दुसऱ्या तारखेला विरोधी वकिलाने वर काढला, की मिळालेला हुकूम जातो आणि तुमच्या शब्दाची पतही जाते. ही पत छोट्या फर्मची सगळ्यात मोठी पुंजी. त्याच त्या कोर्टांत तीच ती पाच-सात माणसं रोज उभी राहतात, आणि कोण कागद सरळ वाचून दाखवतं, हे न्यायाधीशांच्या लक्षात राहतं.

मग प्रश्न येतो जायचं कुठे. नव्या इमारतीत फ्लॅट बुक केलेला बाहेरचा खरेदीदार असता तर महारेरा या गृहप्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाचा रस्ता सरळ होता. सोसायटीचा हक्क मुख्यतः तिच्या विकास करारातून येतो, आणि त्या करारात बहुधा लवादाचं कलम असतं. म्हणजे साधा दिवाणी दावा लावला, तर बिल्डर ते कलम दाखवून अडवणार. तेव्हा वाट लवाद कायद्याच्या कलम ९ ची: लवाद सुरू होण्याआधीच कोर्टाकडे अंतरिम संरक्षण मागायचं. कोणतं कोर्ट, हे रकमेवर ठरतं. मुंबईत १० कोटींच्या वरचं प्रकरण हायकोर्टाच्या मूळ शाखेत, त्याखालचं शहर दिवाणी न्यायालयात. ही मर्यादा आधी १ कोटी होती, २०२४ च्या सुरुवातीला ती वाढली. चुकीच्या ठिकाणी गेलेलं प्रकरण वर्षभराने 'योग्य कोर्टात जा' एवढाच शेरा घेऊन परत येतं, तोवर सभासद भाडं भरून मेटाकुटीला आलेले असतात.

करारात लवादाचं कलम नसतं आणि व्यापारी स्वरूपाचा दावा लावायचा असता, तर आणखी एक फाटा फुटला असता. २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्यात २०१८ मध्ये कलम १२-अ आलं: तातडीचा अंतरिम दिलासा मागत नसाल, तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागेल. पाटील ऑटोमेशन निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती सक्तीची ठरवली. मध्यस्थी टाळायला खोटी तातडी दाखवण्याची युक्ती चालत नाही, कोर्ट तेही तपासतं. याच कायद्याने कामाचा भार पुढे ओढला. दाव्यासोबतच आपल्याकडचे सगळे संबंधित कागद द्यायचे, सत्यतेचं निवेदन सही करून द्यायचं. प्रतिवादीने १२० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली नाही, तर त्याचा तो हक्कच जातो. न्यायाधीशांनाही मग मुदत वाढवता येत नाही. 'आधी दाखल करू, मग बघू' ही जुनी चाल इथे अंगाशी येते. पहिल्या दिवसापासून कागद वाचून बसलेल्या छोट्या फर्मला हा कायदा मानवतो.

आता अर्ज. कलम ९ मध्ये सोसायटी काय मागणार? थकलेलं भाडं कोर्टात जमा करा, बिल्डरला विक्रीच्या फ्लॅटवर तिसऱ्या कुणाचे हक्क निर्माण करायला मनाई करा, गरज पडली तर मालमत्ता सांभाळायला कोर्ट रिसीव्हर नेमा. यासाठी तीन गोष्टी दिसाव्या लागतात: प्रथमदर्शनी बाजू, हुकूम न दिल्यास कोणाचं जास्त बिघडेल याचं तारतम्य, आणि पैशाने भरून न निघणारं नुकसान. नवखा वकील साठ पानं लिहितो. जाणता वकील पंधरा-वीस पानांत थांबतो आणि बिल्डर अप्रामाणिक आहे, लबाड आहे वगैरे विशेषणं सगळी खोडतो. अशिलाला ती विशेषणं हवी असतात, कारण त्याचा राग खरा असतो. पण न्यायाधीशांना हवा असतो शेवटचा चेक कोणत्या तारखेचा होता, हा तपशील.

सुनावणीच्या दिवशी समोरचा वकील बहुधा एकच गोष्ट मागतो: उत्तर द्यायला वेळ. तो मिळतोही. अशिलाला वाटतं, आजचा दिवस फुकट गेला. इथे कोर्टात मुरलेल्या माणसाचं कसब दिसतं. वेळ द्यायला हरकत नाही, पण पुढच्या तारखेपर्यंत बिल्डर एकही फ्लॅट विकणार नाही, असं निवेदन त्याच्या वकिलाने करावं, अशी विनंती तो करतो. ते निवेदन हुकुमात नोंदलं गेलं की ते पाळावं लागतं. मोडलं तर अवमानाचा प्रश्न येतो. लढाई न होता निम्मा दिलासा हाती लागला. आदेश संकेतस्थळावर आला की ज्युनियरने तो शब्द न् शब्द वाचायचा. 'विकणार नाही' च्या जागी 'ताबा देणार नाही' असं पडलं असेल, तर 'स्पीकिंग टू द मिनिट्स' म्हणून लगेच तेवढ्या दुरुस्तीसाठी प्रकरण पुन्हा लावून घ्यायचं. उशीर झाला की त्याच शब्दावर समोरचा फ्लॅट विकून मोकळा होतो.

आणि मुदतींची वही. कलम ९ खाली अंतरिम हुकूम मिळाला की ९० दिवसांत लवाद सुरू करावा लागतो. लवादाचा निवाडा विरोधात गेला, तर तो रद्द करून घेण्यासाठी ३ महिने, आणि सबळ कारण दाखवलं तर वर ३० दिवस. त्यानंतर एक दिवसही उशीर झाला तर कोर्टाला तो माफ करण्याचा अधिकारच नाही. चांगली बाजू असूनही अशा तारखेवर हरलेली माणसं आहेत. म्हणून अशा कार्यालयात क्लार्कचा मान ज्युनियरपेक्षा वरचा असतो, आणि तो असावाही.

दावा किंवा लवाद पुराव्यापर्यंत पोचला की कामाचा पोत बदलतो. सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराने आपल्या बाजूने सांगायची साक्ष, हल्ली प्रतिज्ञापत्रावर होते. जिवंत राहिली आहे ती विरोधी वकिलाने घ्यायची उलटतपासणी. मूळ शाखेत ती अनेकदा कोर्टाने नेमलेल्या कमिशनरपुढे होते, प्रश्न आणि उत्तरं टाइप होत जातात. ज्यांनी निकाल द्यायचा त्या न्यायाधीशांनी तो साक्षीदार कधी पाहिलेलाच नसतो. त्यांच्यापुढे असतो तो टाइप केलेला मजकूर. त्यामुळे आवाज चढवणं, टेबल आपटणं याचा काही उपयोग नाही, ते कागदावर उमटत नाही. प्रश्न छोटा हवा, एका वेळी एकच गोष्ट विचारणारा, आणि उत्तर काहीही आलं तरी आपल्याकडे कागद तयार हवा. आपली बाजू त्या साक्षीदारापुढे ठेवून त्याला ती नाकारायची किंवा मान्य करायची संधीही द्यावी लागते. नाहीतर पुढे युक्तिवादात 'हे तुम्ही त्याला विचारलंच नाही' असं ऐकावं लागतं. सगळे कागद एकाच माणसाने पहिल्यापासून वाचलेले असले, की हे काम विलक्षण सोपं होतं. मोठ्या फर्ममध्ये टीम बदलते, वर्षभरापूर्वी ईमेल वाचलेला सहकारी दुसरीकडे गेलेला असतो. छोट्या फर्ममध्ये पहिल्या दिवशी पिशवी उघडणारी ज्युनियर उलटतपासणीच्या वेळी बाजूला बसलेली असते, आणि योग्य क्षणी योग्य पान पुढे सरकवते.

पुराव्याचं काम किती बारीक असतं हे पाहायचं तर जालन्याचं प्रकरण वाचावं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी निवडणूक याचिका केली. वाद मतांचा नव्हता. उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर दिला गेला का, हा होता. निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण हा कळीचा पुरावा, पण चित्रणाची प्रत कोर्टात चालायला साक्षीपुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचं प्रमाणपत्र लागायचं, आणि ते अधिकारी देत नव्हते. याचिकाकर्त्याच्या बाजूने पुन्हा पुन्हा लेखी मागणी झाली होती, कोर्टाकडेही दाद मागितली होती, आणि निवडणूक अधिकाऱ्यांची साक्ष झाली होती. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये तो निकाल कायम करताना नियम स्पष्ट केला: मूळ उपकरण कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र सक्तीचं, मात्र पक्षकाराने हातातले सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, तर त्या त्रुटीचा बोजा त्याच्यावर नाही. म्हणजे केस तोलून धरली ती कोणीतरी वेळच्या वेळी लिहिलेल्या मागणीपत्रांनी.

जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, आणि प्रमाणपत्राची तरतूद कलम ६३ मध्ये गेली. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, त्यात हॅश मूल्य (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे ओळखण्याचा आकडा) नोंदवावं लागतं, आणि तज्ज्ञाचीही सही लागते. म्हणून चांगली फर्म मुलुंडच्या सेक्रेटरींना पहिल्याच भेटीत सांगते, "फोन बदलू नका, चॅट पुसू नका." स्क्रीनशॉटची प्रिंट काढून आणली म्हणजे पुरावा झाला, असं समजणारे अशील अजून रोज येतात.

मोठं प्रकरण असेल तर फर्म सीनियर कौन्सेल, म्हणजे कोर्टाने ज्येष्ठ दर्जा दिलेला वकील, नेमते. सीनियर वकिलाला वकीलपत्र दाखल करता येत नाही, दुसऱ्या वकिलाशिवाय हजर होता येत नाही. अशिलाने थेट जाऊन त्यांना काम देण्याची पद्धतच नाही. त्यामुळे ब्रीफ, म्हणजे त्यांच्या हाती द्यायची केसची तयार फाइल, कोण तयार करतं याला महत्त्व येतं. आदल्या संध्याकाळच्या कॉन्फरन्समध्ये सीनियर अर्ध्या तासात विचारतात, 'आपली सगळ्यात कच्ची जागा कोणती?' या प्रश्नाला चाचरत उत्तर देणारी फर्म असेल, तर फी कितीही भरा, दुसऱ्या दिवशी कोर्टात चाचपडणंच वाट्याला येतं.

या फर्मच्या मर्यादाही ठळक आहेत. कारभार एक-दोन माणसांभोवती फिरतो. तीच आजारी पडली, किंवा एकाच दिवशी हायकोर्टात आणि लवादापुढे तारीख लागली, की ओढाताण होते. लाखो ईमेल चाळायचे असतील, पाच देशांत एकाच वेळी लढायचं असेल, तर मोठ्या फर्मचं मनुष्यबळ हवंच. कोल्हापूरच्या माणसाला तर आता प्रत्येक कामासाठी मुंबई गाठायची गरज नाही. तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, आणि नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा इथली खंडपीठं आधीपासून आहेतच. मात्र थेट दावा ऐकणारी मूळ शाखा फक्त मुंबईत आहे.

'छोटी फर्म म्हणजे स्वस्त' हा समज मात्र सोडून द्यावा. तुमचं काम भागीदार स्वतः करत असेल तर त्याच्या वेळेचे पैसे लागणार. त्यावर सीनियरची फी वेगळी, लवादाची फी वेगळी, दाव्यावरची कोर्ट फी वेगळी. महाराष्ट्रात ती जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत जाते. 'जिंकलो तर दहा टक्के द्या' असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न सरळ आहेत. माझी फाइल स्वतः कोण वाचणार? कोर्टात कोण उभं राहणार? समोरच्याचा सर्वांत जोरदार मुद्दा कोणता? तडजोड करायची झाली तर कधी? या शेवटच्या प्रश्नावर नाक मुरडणाऱ्या वकिलापासून मी तरी दोन पावलं लांब राहीन. मुलुंडसारखी प्रकरणं अनेकदा कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींवर, मिटतात: बिल्डर थकबाकीचे हप्ते मान्य करतो, किंवा जागा सोडून देतो आणि सोसायटी नवा बिल्डर आणते. त्या अटी कोर्टात दाखल होऊन त्यांवर हुकूम झाला, की मोडणाऱ्याविरुद्ध पुन्हा पहिल्यापासून लढावं लागत नाही, सरळ दरखास्त, म्हणजे हुकूम अमलात आणण्याचा अर्ज, लावता येते.

फर्मशी पटलं नाही तर वकील बदलता येतो, आणि फी थकली म्हणून तो तुमचे कागद अडवून ठेवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात हे स्पष्ट केलंय. फीसाठी त्याने वेगळी दाद मागावी. फाइल मात्र मागितली की परत द्यावी लागते.